व्हिसा कोणाच्या हातात?

अमेरिकेतलं स्थळ आलं की आपल्याकडे चौकशी कसून होते. मुलगा कुठल्या कंपनीत, पॅकेज किती, अजून एच-१बीवरच आहे की ग्रीनकार्ड हातात पडलं, घर भाड्याचं की कर्जाचं, आईवडील इथेच राहणार की दर वर्षी सहा महिने तिकडे जाणार. पुण्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यालाही आता 'प्रायॉरिटी डेट' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एक प्रश्न मात्र बैठकीत कोणी काढत नाही : मुलगी कोणत्या व्हिसावर जाणार, आणि उद्या नवऱ्याने हात उगारला तर त्या व्हिसाचं काय होणार? शुभकार्यात असलं बोलू नये म्हणतात. हॉलचं बुकिंग रद्द झालं तर किती पैसे कापले जातील हे मात्र आपण लेखी घेतो.

उत्तर तसं अवघड नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या बायकोला एच-४ मिळतो. शिक्क्यावर नाव तिचं असलं तरी तो टिकतो नवऱ्याच्या नोकरीवर आणि लग्नावर. नवऱ्याची नोकरी गेली की तो धोक्यात येतो, घटस्फोट झाला की संपतो. मे २०१५पर्यंत एच-४वरच्या कोणालाही नोकरी करता येत नव्हती. तेव्हापासून काहींना मुभा मिळाली, पण ती नवऱ्याच्या ग्रीनकार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच. तो अर्ज नवऱ्याची कंपनी करते. भारतीयांची ग्रीनकार्डची रांग कित्येक वर्षांची, कारण कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त ग्रीनकार्डं येत नाहीत. म्हणजे बी.डी.एस. झालेली, इथे स्वतःचा दवाखाना चालवलेली मुलगी तिकडे उतरते ती कमावण्याचा हक्क विमानतळावर सोडूनच. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तो नाही म्हणून तिच्या नावावर आर्थिक पत नाही, आणि पत नसलेल्या माणसाला तिथे घर भाड्याने द्यायला कोणी सहज तयार होत नाही.

परदेशातल्या बाईचं एकटेपण हा आपल्या साहित्याचा जुना विषय आहे. बर्फ पडतो, खिडकीशी ती उभी असते, तिला तुळशीवृंदावन आठवतं. या लेखनाशी माझं भांडण नाही, पण त्याने एक गैरसमज पक्का करून टाकला : की एकटेपण हे अंतरातून येतं, हवामानासारखं, आणि सवयीने जातं. ज्या घरात मारहाण आहे, धाक आहे, तिथलं एकटेपण वेगळं असतं. ते कोणीतरी तयार केलेलं असतं आणि रोज राखलेलं असतं. मारहाणीमुळे बाई एकटी पडते असं आपण समजतो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधी तिला एकटं पाडलं जातं आणि हात नंतर उठतो. एकटं पाडण्याचं हे काम नवऱ्याला स्वतः फारसं करावंही लागत नाही, कारण अर्धंअधिक काम दोन देशांच्या कायद्यांनी आणि तिच्या माहेरच्यांनी करून ठेवलेलं असतं.

अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई बायकांवरच्या हिंसेचा मार्गारेट अब्राहम यांनी २०००च्या आगेमागे समाजशास्त्रीय अभ्यास मांडला. शमिता दास दासगुप्ता आणि त्यांच्या सहकारी तर त्याच्या बऱ्याच आधीपासून प्रत्यक्ष काम करत होत्या. त्यांनी नोंदवलेल्या हकिकतींत येणाऱ्या गोष्टी दिसायला अगदी किरकोळ असतात. गाडी शिकवायचं लांबणीवर पडतं. ज्या उपनगरात दूध आणायलाही चार किलोमीटर जावं लागतं आणि रस्त्याला पदपथ नसतो, तिथे गाडी न येणं म्हणजे घराबाहेर न पडणं. पासपोर्ट 'नीट ठेवण्यासाठी' नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये जातो. फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर, म्हणजे कोणाला किती वेळ फोन केला ते बिलावर छापून येतं. आता त्यात दारावरचा कॅमेरा आणि लोकेशन शेअरिंगची भर पडली आहे. 'तुला भीती वाटू नये म्हणून' बसवलेला कॅमेरा ती किती वाजता बाहेर पडली हे नवऱ्याला ऑफिसात सांगतो. यातली कुठलीही एक गोष्ट पोलिसांना सांगायला गेलं तर तक्रारच होत नाही. आईला सांगितली तर आई म्हणते, काळजी करतो गं तो.

आईचं हे म्हणणं खोटेपणाचं नसतं. ती रोज लेकीला व्हिडिओवर बघते. पण त्या चौकटीत तिला दिसतो लेकीचा चेहरा, मागचा सोफा आणि मागे वावरणारा जावई. फोन बऱ्याचदा स्पीकरवरच असतो. पूर्वी लेकीची खबर काढायची आपल्याकडे एक पद्धत होती. सणाला मुराळी यायचा. भाऊ नाहीतर चुलता बैलगाडी घेऊन लेकीला न्यायला दारात उभा राहायचा, आणि घोटभर पाणी पिताना तिच्या हातावरचे वळ, घरातला अबोला, सासूचा आवाज सगळं टिपून घ्यायचा. पंचमीला, दिवाळसणाला ती माहेरी आली की चार दिवस सासरच्या नजरेआड असायची. तो काळ काही सुखाचा नव्हता. सगळं कळूनही 'सांभाळून घे' म्हणत तिला परत पाठवणारी माणसंच जास्त होती, आणि विहिरींनी किती बायका गिळल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही. तरी कोणीतरी येऊन बघून जाणार, हा एवढा वचक सासरच्यांवर होता. व्हिडिओ कॉलने तो वचक गेला आणि आपण बघतो आहोत हा भास तेवढा उरला.

इथे आनंदीबाई जोशींची आठवण काढायला हवी. एप्रिल १८८३मध्ये त्या कोलकात्याहून नवऱ्यावाचून निघाल्या, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि मग फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या. गोपाळरावांच्या हट्टापायी बायको डॉक्टर झाली, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्याच गोपाळरावांनी तिला लहानपणी मारलं, वस्तू फेकून मारल्या, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्या, हे आपण बरंच उशिरा आणि काहीशा नाखुशीने वाचलं. आणि हे आनंदीबाईंनी सांगितलं कुठून? अमेरिकेतून, नवऱ्यालाच लिहिलेल्या पत्रात. जे घरात असताना बोलता आलं नाही ते सातासमुद्रापलीकडे गेल्यावर लिहिता आलं.

मग अंतराने बाई मुकी होते हे कसं खरं मानायचं? आनंदीबाईंचं अंतर आजच्या एच-४वरच्या मुलीपेक्षा कितीतरी मोठं होतं. पत्र जायला आठवडेच्या आठवडे लागायचे, अंगावर नऊवारी, थंडीचा त्रास, आणि आपल्या माणसांतलं तिथे जवळ कोणी नाही. पण कॉलेजातला प्रवेश त्यांच्या नावाने होता. ज्या घरात त्या राहत होत्या ते घर नवऱ्याच्या ओळखीवर चालत नव्हतं. कार्पेंटरबाईंशी त्यांचा स्वतःचा पत्रव्यवहार होता, मावशी-भाचीचं नातं त्यांनी आपण जोडलं होतं. गोपाळराव अमेरिकेत पोचले ते १८८५ साली, बायको तिथे स्थिरावल्यावर. भारतातून येणाऱ्याला तेव्हा व्हिसा नावाचा प्रकार नव्हता हेही खरंच. त्यामुळे कोणाचं कोणावर अवलंबून असणं सरकारी शिक्क्याने ठरत नव्हतं. मला वाटतं, या प्रश्नाचं मर्म इथेच सापडतं. समुद्र किती मैलांचा यापेक्षा पलीकडच्या किनाऱ्यावर बाई कोणाच्या नावावर उतरते, हे महत्त्वाचं.

ते ठरवण्याचा अमेरिकेचा इतिहास बोलका आहे. १९८६ साली तिथे खोटी लग्नं रोखण्यासाठी कायदा झाला. नागरिकाशी किंवा ग्रीनकार्डधारकाशी नुकतंच लग्न झालेल्या परदेशी जोडीदाराला दोन वर्षांचं सशर्त वास्तव्य मिळू लागलं, आणि ती अट काढायला दोघांच्या सहीचा अर्ज लागायचा. दोन वर्षं त्या सहीसाठी बायका मार खात राहिल्या. १९९०मध्ये मारहाण झालेल्यांना सवलत मिळाली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९९१च्या आपल्या गाजलेल्या लेखात ती सवलत किती जणींच्या हाती लागतच नाही हे दाखवलं : पुरावा हवा पोलिसांचा, डॉक्टरांचा, समुपदेशकांचा, आणि या सगळ्यांपर्यंत पोचायला इंग्रजी हवं, गाडी हवी, एकटीने घराबाहेर पडता यायला हवं. इंग्रजी पुरेसं येत नाही म्हणून एका स्पॅनिश बोलणाऱ्या बाईला आसरागृहाने परत पाठवल्याचा दाखलाही त्यात आहे. १९९४च्या कायद्याने पीडित बायकोला नवऱ्याच्या सहीवाचून स्वतःचा अर्ज करायची वाट काढून दिली. ही मोठी सुधारणा होती, पण ती नागरिकांच्या आणि ग्रीनकार्डधारकांच्या बायकांपुरती. ज्या एच-१बीवाल्या इंजिनिअरांना आपण मुली देतो, त्यांच्या बायका त्या वाटेवर येतच नाहीत.

त्यांच्यासाठी काय केलं? त्या कायद्याच्या २००५च्या दुरुस्ती विधेयकात, ज्यावर जानेवारी २००६मध्ये सही झाली, अशा बायकांना नोकरीचा परवाना द्यायची तरतूद झाली. तिचा अर्जाचा छापील नमुना निघाला २०१७मध्ये. अकरा वर्षं कायदा होता आणि फॉर्म नव्हता. आपल्या तहसील कचेरीला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. त्या परवान्यानेही काम करता येतं, देशात राहायचा हक्क मिळत नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी २०००पासून यू-व्हिसा आहे, पण मूळ अर्जदारांना ते वर्षाला १० हजारच मिळतात, रांग कित्येक वर्षांची आहे आणि आधी पोलिसांचं किंवा तशा यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं.

आणि पोलिसांना बोलवायचं म्हणजे काय, ते बघा. अनेक राज्यांत घरगुती मारहाणीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर अटक करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईच्या मागे लागून कोणी तिला तक्रार मागे घ्यायला लावू नये म्हणून हा नियम झाला, तो योग्यच. १९९६च्या कायद्यानुसार घरगुती हिंसेत दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला हद्दपार करता येतं. तेही ऐकायला चांगलं. पण तो हद्दपार झाला तर त्याच्या व्हिसावरची ती कुठे राहणार? ९११ फिरवताना तिच्या मनात हा हिशेब चालू असतो. नवरा आत गेला तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर दोघांचे व्हिसा, शाळेतल्या मुलाचं वर्ष, आणि सासरच्यांचे नागपूरहून येणारे फोन. त्यातही दार उघडून सफाईदार इंग्रजीत बोलणारा तो असतो. तिला वाचवायला केलेले दोन चांगले कायदे एकत्र आले की बाईला गप्प बसवतात. यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या डोळ्यासमोर नागरिक बाई होती.

ब्रिटनची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे १९७९पासून साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना लढते आहे. नवऱ्याला जाळल्याबद्दल जन्मठेप झालेल्या किरणजीत अहलुवालियांची १९९२मध्ये सुटका झाली त्या लढ्यातही तीच होती. सरकारी मदत मिळणार नाही, या शिक्क्याने आलेल्या बायकांसाठी तिने एकेक सवलत खेचून आणली. पण त्याच काळात लग्नाच्या व्हिसावरचा परीक्षाकाळ सरकारने एक वर्षावरून २००३मध्ये दोन वर्षांवर आणि २०१२मध्ये पाच वर्षांवर नेला. एका हाताने सुटकेचं दार किलकिलं करायचं, दुसऱ्या हाताने कोठडीची मुदत वाढवायची.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बायकांना स्वतंत्र हक्क दिला तर व्हिसासाठी खोटी लग्नं होतील, मारहाणीच्या खोट्या तक्रारी होतील. होतीलही काही. पण खोट्या तक्रारीचा मोह कुठून येतो? सुटकेचं दार फक्त मारहाण सिद्ध केल्यावर उघडतं, त्यातून. 'मला याच्याबरोबर राहायचं नाही' एवढं म्हणून बाईला बाहेर पडता येत नाही, तिला आधी बळी व्हावं लागतं, तेही कागदोपत्री. पहिल्या दिवसापासून तिचं वास्तव्य आणि कामाचा हक्क तिच्या नावावर असला तर खोटं सांगायचं कारणच उरत नाही, आणि खरोखर मार खाणारीलाही हाडं मोडेपर्यंत थांबावं लागत नाही. कॅनडाने हा प्रयोग उलटसुलट दोन्ही बाजूंनी करून पाहिला. २०१२मध्ये तिथे लग्नाने आलेल्यांवर दोन वर्षं एकत्र राहण्याची अट घातली आणि एप्रिल २०१७मध्ये काढून टाकली. काढताना सरकारने कारण दिलं ते हेच, की या अटीपायी माणसं छळाच्या घरात अडकून राहतात.

दुसरं स्पष्टीकरण संस्कृतीचं. अमेरिकन समाजसेवक म्हणतो, तुमच्या संस्कृतीत बायका बोलत नाहीत. आपल्यातले जाणते म्हणतात, आपल्या शिकलेल्या मराठी घरांत असं नसतं, ते पंजाब्यांत असतं, गुजरात्यांत असतं. गुजराती बहुधा आपल्याकडे बोट दाखवत असावेत. दोघांचंही काम भागतं, कारण दोघांनाही कायद्याकडे बघावं लागत नाही. १९८५मध्ये न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था काढणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांना, १९८९मध्ये न्यू यॉर्कात 'सखी' सुरू करणाऱ्यांना हे दोन्ही ऐकून घ्यावं लागलं. त्यांनी काय केलं? तिची भाषा बोलणारं माणूस फोनवर बसवलं, आसरागृहात तिला चालेल असं जेवण ठेवलं, व्हिसा समजणारा वकील गाठून दिला. दुभाष्याचा प्रश्न तर वेगळाच. मराठीचा दुभाषी मागवावा तर तो गावातल्या दीडशे मराठी घरांतलाच एक निघतो, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात तो तिच्या नवऱ्याबरोबर स्टेजवर असतो.

कायदा हे सगळं कारण नव्हे, हेही मान्य करायला हवं. हरयाणात बंगाल, आसाम, ओडिशातून लग्न करून आणलेल्या मुलींना 'मोलकी' म्हणतात. त्यांना व्हिसा लागत नाही, त्या आपल्याच देशात असतात, तरी त्यांचं एकटेपण तितकंच घट्ट असतं. भाषा येत नाही, माहेर दोन दिवसांच्या रेल्वेवर, हातात पैसा नाही. पण तिथेही घटक तेच आहेत : तिचं म्हणून कोणी नाही आणि तिच्या नावावर काही नाही. परदेशात सरकार त्यावर शिक्का मारतं, एवढाच फरक.

'मग परत का येत नाही?' हा प्रश्न इथे बसून विचारायला सोपा. मूल नसेल तर ती येऊ शकते, तिकिटाचे पैसे असतील तर. मूल असलं की तिकडचं न्यायालय मध्ये येतं. एका पालकाचे हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणं हा १९९३पासून अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे. अशी मुलं परत पाठवण्याविषयीचा १९८०चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून मूल घेऊन इथे आलेल्या आईला काहीसं संरक्षण मिळतं, पण ती पुन्हा तिकडे पाऊल ठेवू शकत नाही. करारावर सही करा असं म्हणणाऱ्या वडिलांचीही बाजू आहे, त्यांची मुलं खरोखरच दुरावलेली असतात. तरी मार खाऊन पळालेल्या आईसाठी पक्की तरतूद केल्याखेरीज आपण सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नवऱ्याने सोडून दिलेल्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये नीरजा सराफ खटल्यात निकाल दिला. नवऱ्याच्या सांगण्यावरून अमेरिकेला जायचं म्हणून शिक्षिकेची नोकरी सोडलेल्या, आणि तिकडच्या न्यायालयातला लग्न रद्द करण्याचा अर्ज हाती आलेल्या बाईचा तो खटला. भारतात झालेलं लग्न परदेशी न्यायालयाला परस्पर रद्द करता येऊ नये, बायकोला नवऱ्याच्या इथल्या आणि तिकडच्या मालमत्तेतून पोटगी मिळावी, यासाठी कायदा करा, असं न्यायालयाने सुचवलं. अनिवासी भारतीयांच्या लग्ननोंदणीचं विधेयक राज्यसभेत आलं ते फेब्रुवारी २०१९मध्ये, पंचवीस वर्षांनी. त्यात तीस दिवसांत नोंदणी, न केल्यास पासपोर्ट जप्ती, संकेतस्थळावरून समन्स अशा तरतुदी आहेत. बऱ्या आहेत. पण त्या सगळ्या पळालेल्या नवऱ्यासाठी आहेत. जो पळालेला नाही, रोज संध्याकाळी साडेसहाला घरी येतो, त्याच्यासाठी त्यात काही नाही.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांविषयी लिहिताना हात जरा आखडतो, कारण परक्या मुलखात मराठी माणसाला मराठीपण टिकवून दिलं ते त्यांनीच. पण गणपतीच्या जेवणाचा खर्च ज्याने उचलला, त्याच्याविषयी त्याची बायको काय सांगते हे ऐकायला कार्यकारिणीला कान नसतो. मंडळाने न्यायनिवाडा करावा अशी अपेक्षाच नाही, तो त्याने करूही नये, 'समेट' घडवायला गेलेल्या ज्येष्ठांनी किती नुकसान केलं ते 'मानवी', 'सखी'सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना विचारा. स्मरणिकेच्या मागच्या पानावर, इंडियन ग्रोसरीच्या जाहिरातीशेजारी, मदतीचा फोन नंबर छापणं आणि बायकांच्या स्वच्छतागृहात तो चिकटवणं, जिथे नवरा सोबत येत नाही, एवढं केलं तरी पुष्कळ.

राहता राहिलं आपलं सरकार. अमेरिकेशी बोलताना आपण एच-१बीच्या कोट्याचा, शुल्काचा, कंपन्यांच्या अडचणींचा मुद्दा सातत्याने मांडतो, कारण त्यामागे उद्योगांच्या संघटना उभ्या असतात. घटस्फोटानंतर किंवा मारहाणीची तक्रार केल्यानंतर एच-४वरच्या बाईला निदान दोन वर्षं स्वतःच्या नावाने राहू द्या आणि कमावू द्या, ही मागणी त्याच बैठकीत ठेवता येईल. त्यासाठी आपल्या तिजोरीतून एक रुपया जात नाही. अमेरिकेलाही नवा व्हिसा काढावा लागत नाही, २००६च्या तरतुदीत कामाच्या परवान्याला वास्तव्याचा हक्क जोडला की झालं. ही मागणी करणारी संघटना मात्र आपल्याकडे नाही, आणि ज्या आईबापांच्या मुली तिकडे आहेत ते सगळं ठीक चाललंय असं शेजाऱ्यांना सांगण्यात गुंतलेले आहेत.